पिकाचूची शेपटी

उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याचे भाचे-भाच्या अमरावतीला आमच्याकडे आले, की घरात एकच वाद चालतो. पिकाचूच्या शेपटीचे टोक काळे की पिवळे?

'पोकेमॉन' हा जपानी व्हिडिओ गेम १९९६ साली निघाला. पिकाचू हा त्यातला प्राणी. घरातली सात मुले "काळे" म्हणत. सर्वांत धाकटी एकटीच "पिवळे" म्हणे आणि सगळे तिला चिडवत. शेवटी आम्ही तिच्या दप्तरावरचे चित्र सर्वांना पाहायला लावले. काळी होती ती कानांची टोके. शेपटी पिवळीच, फक्त बुडाशी तपकिरी. शिकागो विद्यापीठातील संशोधकांच्या २०२२ च्या अभ्यासातही पुष्कळांनी हीच चूक केली होती.

दुसरा समज असा, की 'पिका' नावाच्या डोंगरी प्राण्यावरून हे नाव पडले. तेही खरे नाही. जपानीत 'पिका' म्हणजे चमक आणि 'चू' म्हणजे उंदराचा आवाज. चित्र काढणाऱ्या अत्सुको निशिदा यांच्या मनात तर खार होती.

मुलांना हसण्याआधी आपण मोठ्यांनी स्वतःकडे पाहावे. धामण गाईचे दूध पिते, असे आपल्या वऱ्हाडात आजही सांगतात. सापाचे दात अणकुचीदार, आत वळलेले. त्याला सड चोखताच येत नाही. शेतातले उंदीर खाणारी ही बिनविषारी धामण ऐकीव गोष्टीपायी काठीखाली मरते.

म्हणून माता-पित्यांनो, एखादे लेकरू सर्वांविरुद्ध बोलले तर त्याला गप्प बसवू नका. आधी त्याच्यासोबत बसून खरे काय ते पाहा.