प्रेसनोट ग्रुपवर टाका, पण ईमेलही करा

आमच्या तालुक्यात प्रेसनोट आता व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात एका कार्यालयाने पाणीकपातीचं वेळापत्रक ग्रुपवर टाकलं, लोक ओरडले आणि संध्याकाळी ते गायब! उरली फक्त मेसेज डिलीट केल्याची ओळ. दुसऱ्या दिवशी साहेबांचं उत्तर, "असं काही आम्ही दिलंच नव्हतं."

पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढायला व्हॉट्सॲप दोन दिवसांहून जास्त वेळ देतं. तीच प्रेसनोट मला ईमेलवरही आली होती, म्हणून बातमी टिकली.

मी मेल टर्मिनलवर वाचतो. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही. प्रोग्रॅमचं नाव 'मट', म्हणजे आपलं गावठी कुत्रं. 1995 पासून आहे, फुकट आहे. 'एम' दाबलं की नवं पत्र, 'आर' दाबलं की उत्तर. जोडीला एक छोटा प्रोग्रॅम सर्व्हरवरचे मेल माझ्या लॅपटॉपवर उतरवून ठेवतो. प्रत्येक मेल म्हणजे एक साधी फाइल. नेट गेलं तरी वाचता येतं, जुनं पत्र एका कमांडमध्ये सापडतं. 'एच' दाबलं की पत्र कुठल्या सर्व्हरवरून, किती वाजता आलं ते दिसतं. मेलमधली छुपी चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यामुळे मी पत्र कधी वाचलं हे त्यातून पाठवणाऱ्याला कळत नाही. बातमीदाराला आणखी काय पाहिजे?

त्रासही आहे. टर्मिनलमध्ये मराठी जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. सजवलेले मेल तर ओळखूच येत नाहीत.

पण मुद्दा 'मट'चा नाही. ईमेल कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवला. 1982 मध्ये मेल पोचवण्याचे एसएमटीपी नावाचे नियम जाहीर झाले, ते सगळ्यांना खुले. म्हणून तर तीस वर्षांचा जुना प्रोग्रॅम आजही चालतो. आणि माझ्या डिस्कवर उतरलेलं पत्र पाठवणाऱ्याला परत ओढून नेता येत नाही.

सरकारी शब्द जनतेचा असतो. तो दिला की पुसता येऊ नये. म्हणून कार्यालयांना विनंती एवढीच: ग्रुपवर टाका, पण ईमेलही करा. आणि पत्रकार मित्रांनो, 'मट' वापरा नाहीतर दुसरं काही, मेल स्वतःकडे उतरवून ठेवा.