राजमुद्रा आणि आपलें रोजचें काम

रुपयाच्या नाण्याचें दर्शन हल्लीं दुर्मिळ होत चाललें आहे. दूधवाला, रिक्षावाला, मंडईंतील भाजीवाली, सर्वांचे पैसे आतां भ्रमणध्वनीवरून चुकते होतात. तथापि दरवर्षीं जून महिन्यांत आठवीच्या वर्गांत इतिहासाचा पहिला तास घेतांना मी एक नाणें आठवणीनें बरोबर नेतों, व तें मुलांच्या हातीं देऊन विचारतों, “यावर सिंह किती?” बहुतेक मुलें तीन म्हणतात, ज्यांनीं पाठ वाचलेला असतो तीं चार म्हणतात. “मग त्या सिंहांच्या पायांखालीं काय आहे?” असा दुसरा प्रश्न विचारला म्हणजे मात्र सर्व वर्ग स्तब्ध होतो. हा दुसरा प्रश्न माझ्याहि मनांत पुष्कळ वर्षें घोळत आहे, व तो आतां केवळ इतिहासाचा राहिलेला नाहीं. राष्ट्राच्या चिन्हांना आपण वर्षांतून दोनदां समारंभानें वंदन करतों. उरलेल्या दिवसांत, म्हणजे ज्या दिवसांत आपण पोटाचा उद्योग करतों त्या दिवसांत, तीं चिन्हें आपल्याशीं कांहीं बोलतात कीं काय, हें पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

इसवी सनापूर्वीं सुमारें २५० या वर्षीं सम्राट अशोकानें काशीजवळ सारनाथ येथें एक स्तंभ उभारला. तो चुनारच्या वालुकाश्माचा असून त्यास आरशासारखी झिलई दिलेली होती. शिखरावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. त्यांच्या खालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह, आणि दर दोन प्राण्यांमध्यें एक चक्र. त्याखालीं उलटें कमळ. कालांतरानें स्तंभ मोडला व मातींत गाडला गेला. १९०४-०५ च्या उत्खननांत ओर्टेल नांवाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखालीं तें शीर्ष पुन्हां उजेडांत आलें. २६ जानेवारी १९५० रोजीं आपल्या प्रजासत्ताकानें तेंच आपलें चिन्ह म्हणून स्वीकारलें. कमळ वगळलें, आणि खालीं मुंडकोपनिषदांतील ‘सत्यमेव जयते’ हे शब्द देवनागरींत घातले.

न दिसणाऱ्या चौथ्या सिंहावर वक्ते लोक पुष्कळ बोलतात. कोणी पाहो वा न पाहो, तो आपल्या जागीं बसलेला आहे, वगैरे. दृष्टांत चांगला आहे. पण मला स्वतःला सिंहांपेक्षां पट्टीवरचे बैल आणि घोडा अधिक जवळचे वाटतात. सिंह बसलेले आहेत. बैल चालत आहे व घोडा धांवत आहे. कचेरींत, कारखान्यांत व शाळेंत बसणाऱ्यांची वाण कधींच पडत नाहीं.

सिंह काढावयाचे तरी कसे, याचाहि एक धडा आहे. राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखालीं झाली. तींतील राजमुद्रेचें रेखाटन ज्या तरुण विद्यार्थ्याकडे आलें ते दीनानाथ भार्गव, आपल्या विदर्भाला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यांतील मुलताईचे. त्यांनीं दगडी सिंहांची नक्कल करून भागविलें नाहीं. कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयांत जाऊन जिवंत सिंह न्याहाळले, आणि मग कुंचला उचलला. चित्रकलेच्या तासास उशिरा येणाऱ्या मुलांना मी ही हकीकत सांगतों. त्यांना ती आवडते, उशीर मात्र कमी होत नाहीं.

परंतु मला खरा लाभ झाला तो हा स्तंभ उभारणाऱ्या राजाच्या लेखांतून. आपल्या महाराष्ट्रांत सोपारें येथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. तो आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. त्या तुकड्यापासून आरंभ करून मीं इतर लेखांचीं भाषांतरें वाचलीं, आणि ओरिसांतील धौलीच्या लेखापाशीं थबकलों. कलिंगाच्या लढाईनंतर अशोकास झालेला पश्चात्ताप तेराव्या लेखांत आहे, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. पण ज्या कलिंगांत ती लढाई झाली तेथें, धौली व जौगड या दोन्ही ठिकाणीं, तो तेरावा लेख नाहींच! त्याच्या जागीं अंमलदारांना दिलेल्या सूचना कोरल्या आहेत. असें कां केलें असावें याविषयीं विद्वान् लोक काय तें म्हणोत; मला तें योग्य वाटतें. ज्यांचीं घरें उद्ध्वस्त झालीं त्यांना राजाच्या दुःखाचें वर्णन काय कामाचें? त्यांना गरज होती ती न्यायी अंमलदाराची.

नगराचा न्याय पाहणाऱ्या या अंमलदारांना राजा बजावतो कीं, तुमच्या हातून कोणासहि विनाकारण बंधन वा छळ होऊं नये, समदृष्टि ठेवावी. आणि समदृष्टि कशानें ढळते तेंहि तो मोजून सांगतो: मत्सर, संताप, निष्ठुरपणा, घाई, अभ्यासाचा अभाव, आळस व थकवा. हा लेख ठराविक नक्षत्राच्या दिवशीं वाचून दाखवावा, आणि प्रसंगीं एकच श्रोता असला तरी वाचावा, अशीहि आज्ञा आहे. पावसाळ्यांत मुठा नदीला पूर येऊन वर्गांत तीनच मुलें हजर असलीं म्हणजे मला त्या एका श्रोत्याची आठवण होते, आणि मी धडा पुढें नेतों.

शिक्षक हा एक प्रकारें नगराचा न्यायाधीशच होय. मधल्या सुट्टींत दोन मुलें भांडतात, तिसऱ्याचा डबा सांडतो, आणि तेवढ्यांत घंटा होते. चौकशी करावयास दहा मिनिटें लागतात. शिक्षा करावयास अर्धें मिनिट पुरतें. ज्या मुलाचें नांव आधींच वाईट झालेलें असतें तो बिचारा आपण होऊनच बांकावर उभा राहतो. येथें मत्सर नाहीं, निष्ठुरपणाहि नाहीं. फक्त घाई आहे. आणि घाईला त्या राजानें मत्सराच्याच पंक्तींत बसविलें आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कचेरींतील खिडकीपाशीं, रुग्णालयाच्या दाराशीं, बँकेंत, कोठेंहि पाहा. लोकांचें नुकसान दुष्टांच्या हातून होतें त्याच्या कितीतरी पट अधिक घाईंत असलेल्या सज्जनांच्या हातून होत असतें.

थकव्याविषयीं मात्र मी राजाशीं हुज्जत घालीन. साठ मुलांच्या वह्या, त्यावर निवडणुकीचें काम, त्यावर संगणकांत भरावयाची माहिती, आणि घरीं आजारी आई. रात्रीं अकरा वाजतां पन्नासाव्या वहींत जर एखाद्या शिक्षकाची लाल शाई चुकली, तर तो दोष त्याचा किती, आणि ओझें लादणाऱ्याचा किती? सहाव्या लेखांत याचें उत्तर आहे असें मला वाटतें. राजा भोजनास बसलेला असो, अंतःपुरांत असो वा उद्यानांत असो, प्रजेचें काम घेऊन येणाऱ्यानें त्यास कोठेंहि व केव्हांहि येऊन कळवावें, असें अशोकानें तेथें जाहीर केलें आहे. हल्लीं वरिष्ठांचा संदेश रात्रीं साडेदहाला येतो, आणि माहिती सकाळीं नऊच्या आंत हवी असते. सेवेला काळवेळ नसते हेंच तत्त्व तेथेंहि पुढें करतात. भेद इतकाच कीं, अशोकानें अष्टौप्रहर उघडें ठेवलें तें स्वतःचें दार.

आतां ‘सत्यमेव जयते’. राजमुद्रा आमच्यासारख्या खाजगी संस्थांना आपल्या कागदांवर छापतां येत नाहीं. तिचा अनुचित वापर २००५ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. शाळेच्या दाखल्यावर शाळेचाच शिक्का असतो. पण त्या साध्या दाखल्याच्या आधारावर पुढें पारपत्रापासून निवृत्तिवेतनापर्यंत, सिंहांची मुद्रा असलेले किती तरी कागद उभे राहतात.

कांहीं वर्षांपूर्वीं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यांत असतांना एक पालक भेटीस आले. मार्केट यार्डांत हमाली करणारे गृहस्थ. मुलगा शाळा सोडून पांच-सहा वर्षें झालेला. लष्करांत भरती व्हावें म्हणून रोज पहांटे टेकडीवर धांवणारा. वयाची मर्यादा थोड्या महिन्यांनीं ओलांडली होती. “सर, एक आंकडा तर बदलायचा. पोरानं दोन वर्षं घाम गाळलाय,” ते म्हणाले. मीं त्यांस नियम समजावून सांगितला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून अशी खाडाखोड करतां येत नाहीं, व खोटी तारीख तर कोणाच्याच मंजुरीनें खरी होत नाहीं. त्यांनीं पैसे देऊं केले नाहींत, धाकहि घातला नाहीं. तसें केलें असतें तर नकार देणें मला सोपें गेलें असतें. “बरं सर,” एवढेंच म्हणून ते पायऱ्या उतरले.

त्या दिवशीं एका सहकाऱ्यांनीं मला विचारलें, “सत्य जिंकतें म्हणतां ना? मग त्या पोराचें काय?” मीं सांगितलें कीं, त्या रजिस्टरांत हजारों मुलांच्या तारखा आहेत, आणि एक तारीख खोटी ठरली तर बाकीच्यांवर कोणी कां विश्वास ठेवावा? हें उत्तर खरें आहे, आणि आजहि तोच प्रसंग आला तर मी तेंच करीन. तथापि सत्य केव्हां जिंकतें व कोणाच्या खर्चानें जिंकतें, हें त्या दोन शब्दांत सांगितलेलें नाहीं. मुलगा आतां एका गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी आहे. रस्त्यांत भेटला तर थांबून नमस्कार करतो. वडील करीत नाहींत.

ध्वजापासून मला मिळालें तें निराळें. आपल्या देशांत वस्तूंचीं जीं मानकें ठरलेलीं आहेत त्यांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकास आहे. तें १९५१ सालीं प्रसिद्ध झालें. तीनास दोन हें लांबीरुंदीचें प्रमाण, रंगांच्या छटा, सूत, शिवण, सर्व कांहीं आंखून दिलेलें. हुबळीच्या बेंगेरी भागांत, तसेंच आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितींत, हे खादीचे ध्वज तयार होतात. निळें चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंस उमटवावें लागतें, आणि एका बाजूचे चोवीस आरे दुसऱ्या बाजूच्या आऱ्यांवर तंतोतंत बसले पाहिजेत. (३० डिसेंबर २०२१ पासून यंत्रावरचा पॉलिएस्टरचा ध्वजहि नियमांत बसतो. ध्वज घरोघर गेला हें चांगलें. पण त्यासाठीं मागावरच्या हातांचें काम जावें, हें मनास रुचत नाहीं.)

या दोन बाजूंची एक कथा आहे. १९३१ च्या ध्वजावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितींत ठराव मांडतांना पंडित नेहरूंनीं अडचण सांगितली कीं, चरख्याचें चाक एका टोंकाला व चाती दुसऱ्या टोंकाला असल्यामुळें ध्वजाच्या दोन बाजू सारख्या दिसणार नाहींत. म्हणून त्यांतील चाक तेवढें घेतलें, व तें अशोकाचें घेतलें. पुणेकरांनीं येथें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पेटींत मिटून ठेवतां येणारा लहान चरखा महात्मा गांधींनीं आपल्या येरवड्याच्या तुरुंगांत सिद्धीस नेला, आणि तो ‘येरवडा चक्र’ याच नांवानें प्रसिद्ध झाला. समोरून व पाठीमागून सारखें दिसणें ही कापडालाहि सोपी गोष्ट नाहीं. शिक्षकखोलींत तर याची परीक्षा रोज होते: तपासणीच्या दिवशींचा फळा आणि एरवींचा फळा, मुख्याध्यापक खोलींत असतांनाचें बोलणें आणि ते बाहेर पडल्यानंतरचें.

आमच्या शाळेंतील शिपाई, ज्यांना सर्व मुलें मामा म्हणतात, ते १४ ऑगस्टच्या संध्याकाळीं ध्वजाचें काम कोणासहि करूं देत नाहींत. इस्त्री केलेला ध्वज ते टेबलावर पसरतात, केशरी पट्टा वर आला कीं नाहीं तें दोनदां पाहतात, झेंडूच्या पाकळ्या मोजक्या ठेवतात, कारण ओल्या पाकळ्यांनीं कापडास डाग पडतो. मग घडी करून सुरगांठ मारतात. पटांगण रिकामें असतें. गांठ मारलेली घडी ते दोरीनें वर नेतात, हिसका देतात, ती सुटते. पुन्हां खालीं घेतात, पुन्हां बांधतात. पावसाची सर आली तर छत्री ध्वजावर धरतात व स्वतः भिजतात. असें तीन वेळां झाल्यावर ते दिवे घालवून घरीं जातात. सकाळीं प्रमुख पाहुणे दोरी ओढतात, पाकळ्या पडतात, बँड सुरू होतो. मामा तेव्हां मागच्या बाजूस, पाण्याच्या टाकीपाशीं, चहाच्या कपांची मोजणी करीत उभे असतात.