तीन फरश्या

गावचे न्हावी असलेल्या आमच्या आबांच्या धोकटीत वस्तरे, कात्री, नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी असे. सगळ्यांत जपलेली वस्तू मात्र वस्तऱ्याला धार लावायची पथरी. वीतभर लांब, तीन बोटं रुंद, हिरवट राखाडी दगड. पाणी पडलं की रंग गडद होई. पुण्याजवळच्या आमच्या माण गावच्या शिवारात दगडाला तोटा नाही, पण तो काळा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. कण धारेच्या मानाने भरड, मधे बुडबुड्यांची छिद्रं. जात्याला, पाट्याला उत्तम. वस्तऱ्याची धार त्यावर दातेरी होते. वस्तऱ्याला हवा अतिबारीक गाळ दबून घट्ट झालेला दगड. तो आबांनी पुण्याच्या रविवार पेठेतून आणला होता. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरात याच कामाचा पिवळसर दगड निघतो आणि त्यातले गार्नेटचे सूक्ष्म कण पोलाद कापतात, हे मी फार पुढे वाचलं.

पथरीवर वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लावून. कोन हाताने धरावा लागत नाही, पाठीची जाडीच तो ठरवते. म्हणून सारी भिस्त दगडाच्या सपाटीवर. पण पथरी झिजते मधोमध. तिथे खळगा पडला की पात्याची दोन्ही टोकं घासली जातात आणि मधली धार अधांतरी राहते. मग माणूस दाब वाढवतो, पातं लवतं, धार बिघडते आणि गिऱ्हाइकाच्या गालाची आग होते. आबा दाब वाढवत नसत. ते पथरी सपाट करायला बसत.

त्यासाठी शहाबादी फरशीचे दोन तुकडे, फडक्यातून चाळलेली वाळू आणि पाणी. पथरीवर शिसपेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा ओढायच्या आणि ती फरशीवर फिरवायची. कडेच्या रेघा आधी पुसल्या जातात, खळग्यातल्या मागे राहतात. हाताचा दाब दोन्हीकडे सारखा नसतो, म्हणून पथरीची तोंडं सारखी बदलायची. शेवटी वाळू खळखळून धुवायची, कारण एक भरड कण रुतून राहिला तरी धारेला दाता पडतो. धारदार झालेल्या कडा जराशा मोडायच्या. तेलाला आबांची सक्त मनाई होती. तेलात पोलादाची काळी भुकटी बसून दगडाची बारीक छिद्रं बुजतात. दगड चकाकतो आणि कापायचा थांबतो.

एक गोष्ट मला लहानपणी उगाच वाटायची. पथरी एका फरशीवर घासून झाली की आबा ती दुसऱ्या फरशीवर घासत, आणि मग त्या दोन फरश्या एकमेकींवर.

आयटीआय करून भोसरीच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो तेव्हा त्याचा उलगडा झाला. तिथे सरफेस प्लेटवर निळा रंग लावून जॉब फिरवत, निळं लागेल तो उंचवटा खरवडत. आमच्या फोरमननी जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट सांगितली. १८४० साली या इंग्रज कारागिराने ग्लासगोत खऱ्या सपाट पृष्ठभागाची रीत मांडली होती. दोनच प्लेटा एकमेकींशी जुळवल्या तर एकीला खळगा आणि दुसरीला फुगवटा असूनही त्या तंतोतंत बसतात. तिसरी आली की लबाडी उघडी पडते. तिन्ही आळीपाळीने जुळवल्या तरच तिन्ही सपाट. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे आबांच्या दोन फरश्या आणि तिसरी पथरी होती.

हेच काम कारखान्यात केलं की त्याला कौशल्य म्हणतात, वरची ग्रेड मिळते. आबांना त्यासाठी सुगीनंतर खळ्याच्या कडेला उभं राहून बलुत्याचं भात घ्यावं लागे, आणि त्यांच्या हाताला कुणी कधी कारागिराचा हात म्हटलं नाही. हे मला आजही सलतं.

एड्सच्या जागृतीनंतर सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं. ते योग्यच झालं. पथरी माझ्याकडे आली. माणमध्ये आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला, शिवाजीनगरला जाणाऱ्या २३.३ किलोमीटरच्या मेट्रोचा डेपो झाला, पुतण्याचं सलूनही काचेचं झालं. मी मात्र स्वतःची दाढी आबांच्या वस्तऱ्यानेच करतो. वाळूऐवजी आता सिलिकॉन कार्बाइडची पूड वापरतो. तिचे कण एकसारखे असतात, पण ती दगड भराभर खाते. पथरी आधीच पातळ झाली आहे, म्हणून खळगा वाढू न देता हलक्या हाताने वरचेवर सपाट करतो, आणि खाली सागाची फळी चिकटवली आहे.

पुतण्याला हे शिकायचं आहे. परवा त्याने रेघा ओढून पथरी फिरवली आणि विचारलं, “काका, सगळ्या रेघा गेल्या. झालं ना?”

“परत रेघा ओढ,” मी म्हटलं, “आणि आता दुसऱ्या फरशीवर फिरव.”