नव्वदांतली एक

इंदूरच्या एका मराठी घरात २०१९ च्या दिवाळीआधी सगळ्यांचे कान एका सोडतीकडे लागले होते. सोडत घराची नव्हती, मोटरसायकलची होती! जावा या नावाला नव्वद वर्षे झाली म्हणून मोजून ९० गाड्या निघणार होत्या. १९२९ च्या पहिल्या जावासारखा लाल आणि हस्तिदंती रंग, टाकीवर खास बिल्ला आणि प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा क्रमांक. खिशात पैसे असून भागणार नव्हते, चिठ्ठीत नाव निघायला हवे होते.

थोरल्या मुलाने नाव नोंदवले तेव्हा अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "नव्वदच का? जास्त करता येत नाहीत त्यांना?"

"येतात की. पण करणार नाहीत."

"म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं आणि दुकानदार फळ्या लावतोय?"

अण्णांना हे कोडे पडणे साहजिकच होते. त्यांच्या पिढीने बजाजच्या चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. गिऱ्हाईक होते, कारखाना होता. पण परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या पुढे जाण्याची मुभा नव्हती. ती टंचाई नाइलाजाची होती. ही मात्र हौसेने, ठरवून केलेली.

आणि ठरवताना आकडाही कसा निवडतात, तर बारशाला शुभ नाव निवडावे तसा! नव्वद वर्षे, म्हणून ९० गाड्या. रॉयल एनफिल्डला २०२१ मध्ये १२० वर्षे झाली, तेव्हा तिने साडेसहाशे सीसीच्या ४८० गाड्या काढल्या. भारत, युरोप, अमेरिका आणि आग्नेय आशिया अशा चार वाटण्या, प्रत्येकी १२०. त्याआधी २०१८ मध्ये याच कंपनीच्या 'पेगॅसस'च्या हजार गाड्या निघाल्या, त्यांतल्या २५० भारताच्या वाट्याला आल्या. किंमत अडीच लाखांच्या घरात. तरी जुलैमध्ये इंटरनेटवर विक्री सुरू झाली आणि १७८ सेकंदांत सगळ्या संपल्या. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. तेवढ्यात घरात चहाला आधण येत नाही!

गंमत म्हणजे परदेशात ही पेगॅसस लष्करी हिरव्या रंगातही मिळाली, आपल्याकडे फक्त तपकिरी. तो हिरवा रंग भारतात सैन्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवलेला आहे. मूळ गाडी मात्र सैनिकांचीच होती. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरवता येईल अशी सव्वाशे सीसीची चिमुकली 'फ्लाइंग फ्ली' एनफिल्डने बनवली, तिचीच ही आठवण. तेव्हा टाकीवर क्रमांक मिरवायला कोणाला सवड होती?

जुन्या दुर्मिळ गाड्यांचे असेच असते. इंग्लंडमध्ये १९४८ ते १९५२ या काळात व्हिन्सेंट कंपनीने 'ब्लॅक लाइटनिंग' नावाची शर्यतीची गाडी बनवली. साऱ्या मिळून तीसच्या आसपास. थोड्याच काढू, असे कोणी ठरवले नव्हते; एवढी महाग आणि तापट गाडी घेणारेच थोडे निघाले. त्यांतली एक जानेवारी २०१८ मध्ये लास वेगासच्या लिलावात ९ लाख २९ हजार डॉलरला गेली. आज नव्वदांतली एक मिळावी म्हणून धडपडणाऱ्याच्या मनात कुठेतरी हा लिलाव असतो, असे म्हटले तर त्यात फार खोटे नाही.

थोरल्याच्या मनात मात्र लिलाव नव्हता. त्याच्या मनात एक फोटो होता. १९७१ साली अण्णांनी जुनी, दुसऱ्याने वापरलेली जावा घेतली होती. म्हैसूरच्या कारखान्यातली, दोन सायलेन्सरची. फोटोत ते तिच्यावर बसलेले आहेत, केस भरपूर आहेत आणि चेहऱ्यावर साऱ्या होळकर संस्थानाची मालकी आहे. १९८३ मध्ये धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आणि गाडी गेली. तिचे किती पैसे आले, लग्नात कुठे खर्च झाले, हे अण्णांनी कधी सांगितले नाही. आईला एवढेच ठाऊक, की पुढे कित्येक दिवस रस्त्यावरून जावाचा आवाज आला की जेवतानाही त्यांचा हात थांबायचा.

नव्वद भाग्यवंतांत थोरल्याचे नाव निघाले नाही. संध्याकाळी तो गप्पगप्प होता. अण्णा जरा वेळ घुटमळले आणि म्हणाले, "माझ्या गाडीलाही नंबर होता." मग त्यांनी अडखळत न थांबता इंजिनचा अख्खा क्रमांक म्हणून दाखवला. छत्तीस वर्षांनी! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, परवा गॅसचा नंबर विचारला तर तो आठवेना तुम्हाला."

थोरल्याने मग साधीच जावा घेतली, गडद तांबडी. ती पीथमपूरला बनते, म्हणजे इंदूरच्या वेशीबाहेरच. तरी तिची पाळी यायला थांबावे लागलेच. अण्णा म्हणाले, "थांबण्याचं काय, आमचा सराव आहे."

गाडी दारात आली त्या दिवशी शेजारच्या काकांनी चौकशी केली, "अशा किती काढल्यात हो?"

"पुष्कळ," अण्णा म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत गाडीवर बसले. त्यांचा डावा पाय आपोआप गिअरच्या दांडीकडे गेला. जुन्या जावात तीच दांडी वर फिरवली की किक व्हायची. पाय दोनदा चाचपडला. या गाडीला किक नाही, बटण आहे. थोरला सांगायला पुढे झाला, तर आईने त्याच्या दंडाला धरून त्याला मागे ओढले.