जिंकून झाल्यावर

आमच्या पिढीला ठाऊक असलेले खेळ सोंगट्यांचे, पत्त्यांचे, फार तर बुद्धिबळाचे. त्या सर्वांचा धर्म एकच: डाव संपला कीं पट गुंडाळावयाचा. ज्या मोक्षपटाचें जनकत्व परंपरेनें ज्ञानेश्वरांकडे दिलें आहे, त्याचेंहि तेंच. आमच्या कोल्हारावरून वाहणारी प्रवरा पुढें नेवाशाला जाते, तेथें इ. स. 1290 मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या महात्म्याच्या नांवावर असलेल्या खेळांतहि शेवटचें घर गांठणाराला परत फिरावयाचें नसतें, मोक्षच तो! म्हणूनच गेल्या पावसाळ्यांत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, मीं जो एक खेळ शेवटास नेला, त्याचा शेवट माझ्या मनांतून जात नाहीं.

हा खेळ पडद्यावरचा. 27 ऑगस्ट 1994 रोजीं तो जपानांत 'मदर 2' या नांवानें निघाला आणि पुढच्या वर्षीं अमेरिकेंत 'अर्थबाउंड' झाला. या जातीच्या खेळांत खेळणारानें कथेंतील पात्राची भूमिका घ्यावयाची, गांवोगांव हिंडावयाचें, लोकांशीं बोलावयाचें, शत्रूंशीं झुंजत बळ वाढवावयाचें. कर्ता शिगेसातो इतोई हा जाहिरातींचा मजकूर लिहिणारा लेखक. त्यामुळें कीं काय, रस्त्यांतला अगदीं उपरा माणूसहि एखादें मार्मिक वाक्य बोलून जातो. काम मध्येंच अडून बसलें, तेव्हां सातोरु इवाता या गृहस्थांनीं सांगितलें कीं, आहे तेंच दुरुस्त करावयाचें तर दोन वर्षें लागतील, नव्यानें आरंभ केला तर सहा महिने. जुन्या वाड्यांत राहणारांना हें निराळें सांगावयास नको.

खेळाचें यंत्र अमेरिकेहून माझ्या पुतण्यानें पाठविलें. दहा वर्षांचा होईपर्यंत तो याच वाड्यांत वाढला. मग माझ्या थोरल्या बंधूंबरोबर तिकडे गेला, आणि नव्या शाळेंत ओळखीचें कोणी नसतांना हा खेळ त्याच्या हातीं आला.

कथानायक नेस नांवाचा एक मुलगा. घरीं आई, बहीण आणि कुत्रा. आरंभींच आवडता पदार्थ विचारतात. मीं 'पिठलें' लिहिलें. त्यानंतर नेस दमूनभागून घरीं आला कीं त्याची आई त्याला पिठलें वाढी आणि तो ताजातवाना होई. परदेशच्या बाईनें भाकरीचें नांवहि न काढतां नुसतें पिठलें वाढावें, हें मात्र आमच्या सौभाग्यवतींना शेवटपर्यंत रुचलें नाहीं.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. घरापासून फार दिवस दूर राहिलें कीं नेसला घराची ओढ लागते. ऐन झुंजींत तो आईची आठवण काढीत उभा राहतो आणि हातून वार होत नाहीं. त्यावर उपाय एकच. दूरध्वनीवरून आईशीं दोन शब्द बोलावयाचे. सातासमुद्रांपलीकडे एकट्या पडलेल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरानें हें वाचलें असेल तेव्हां त्याला काय वाटलें असेल, हा विचार मनांत येऊन मीं एकदां खेळ बाजूस ठेवला.

नेसच्या वडिलांचा चेहरा तर शेवटपर्यंत दिसत नाहीं. ते केवळ दूरध्वनीवरचा आवाज आहेत. मुलगा एकेक झुंज जिंकतो तसे ते त्याच्या पेढीच्या खात्यांत पैसे भरतात, आणि फार वेळ खेळत बसल्यास आपण होऊन विचारतात कीं, थोडी विश्रांति घेतोस का? माझे वडील मुंबईस कारकून होते. वर्षांतून दोनदां येत. एरवीं ते आम्हांला भेटत मनिऑर्डरीच्या खालच्या कोपऱ्यांत, निरोपासाठीं राखलेल्या चार बोटें जागेंत: प्रकृतीस जपावें, अभ्यास करावा, आईस त्रास देऊं नये. त्या अक्षरांपलीकडे ते मला फारसे ठाऊक झाले नाहींत.

शेवटचा शत्रु शस्त्रानें मरत नाहीं. पॉला ही सोबतीण प्रार्थना करते, आणि वाटेंत भेटलेलीं साधीं माणसें आपापल्या घरीं या मुलांसाठीं प्रार्थना करूं लागतात. कोणी उरलें नाहीं असें वाटतें तोंच, मागें केव्हांतरी सहज विचारून घेतलेलें खेळणाराचें स्वतःचें नांव पडद्यावर येतें. माझें नांव तेथें पाहून मीं खुर्चींत सरसावून बसलों.

आणि जिंकल्यावर खेळ संपत नाहीं! पॉलाला तिच्या घरीं पोंचवावयाचें, मग आपल्या आईकडे जावयाचें. मधल्या वाटेला बंधन नाहीं. एकहि शत्रु उरलेला नसतो. गांवोगांवच्या माणसांजवळ सांगावयास कांहीं नवीन असतें. आईला भेटलें कीं समाप्ति. मीं तीन संध्याकाळ गांवें धुंडाळीत फिरलों. नगर-मनमाड रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, आणि ज्या माजघरांत एके काळीं एकोणीस पानें मांडलीं जात तेथें आम्हीं दोघेंच होतों. चौथ्या दिवशीं मात्र नेसला दारांत नेलें.

पुतण्याला हें कळविलें तेव्हां तो हंसला. "काका, चालत कशाला गेलांत? नेसला क्षणांत घरीं पोंचण्याची विद्या येते कीं! मी तर एका मिनिटांत पोंचलों होतों."

वाडा विकून वांटणी करावी, असें बंधूंचें पत्र चार महिन्यांपासून माझ्या फडताळांत आहे. त्यावर पुतण्याचीहि संमति आहे. थोडा वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, परसांतला पारिजातक अजून आहे का? आहे, म्हटलें, यंदा फुलेंहि पुष्कळ येताहेत. पत्राचा विषय त्या दिवशीं त्यानेंहि काढला नाहीं आणि मींहि नाहीं.