काळी पिशवी

आज मेडिकलवाल्याने न विचारताच पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी चढवली. पिशवी मी परत केली. कागद मात्र राहू दिला. तेवढं धाडस झालं नाही.

वाटेत अमिका जॉर्ज आठवली. पॅड परवडत नाहीत म्हणून ब्रिटनमधल्या मुली शाळा बुडवतात, हे वाचून २०१७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी तिने मोहीम उभारली. त्याच डिसेंबरात लाल कपडे घातलेली तरुणाई डाउनिंग स्ट्रीटसमोर जमली. २०२० पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांत पॅड मोफत मिळू लागले.

आपल्याकडे २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. कावळा मात्र अजून शिवतोच. पैशांची चणचण सरकार भागवेलही. शब्दांची आपणच भागवायची.

पुढच्या महिन्यात कागदही परत करीन.