चौथे गाणे

पाश्चात्त्य संगीताच्या बाजारात 'सिंगल' नावाचा एक प्रकार आहे. अल्बममधील एखादे गाणे वेगळे काढायचे, रेडिओ-दूरचित्रवाणीवरून ते लोकांच्या कानी घालायचे आणि त्याच्या बळावर अख्ख्या अल्बमला गिऱ्हाईक मिळवायचे, असा हा व्यवहार. पण काही गाणी घराबाहेर पडून एवढे नाव काढतात की त्यांचे माहेर कोणते, ह्याची पुढे कुणी चौकशीही करीत नाही. आयर्लंडमधील 'द क्रॅनबेरीज' ह्या बँडचे 'झॉम्बी' हे असेच एक गाणे. वाचकहो, आज आम्हांला त्या गाण्याच्या माहेराविषयी थोडे बोलायचे आहे.

'नो नीड टू आर्ग्यू', म्हणजे वाद घालण्याचे कारण नाही, हे त्या माहेराचे नाव. लिमरिकच्या ह्या बँडचा हा दुसरा अल्बम ऑक्टोबर १९९४ मध्ये प्रकाशित झाला. नोएल होगन गिटार वाजवीत, त्यांचे बंधू माइक बेस गिटार वाजवीत, तर ड्रमवर फर्गल लॉलर असत. गायिका होती डोलोरेस ओ'रिऑर्डन. लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन येथील कॅथलिक कुटुंबात १९७१ साली जन्मलेली, चर्चमध्ये गाणारी आणि ऑर्गन वाजवणारी ही मुलगी. तिचा स्वर वरच्या पट्टीत जाता जाता मध्येच मोडतो, जणू हुंदका आवरला जात आहे. अल्बममध्ये १३ गाणी असून त्यांपैकी चार सिंगल म्हणून बाहेर पडली. 'झॉम्बी' सर्वांत आधी, सप्टेंबर १९९४ मध्ये आले. मागून 'ओड टू माय फॅमिली', 'आय कान्ट बी विथ यू' आणि 'रिडिक्युलस थॉट्स' ही आली.

'झॉम्बी'चा जन्म एका दुःखद घटनेतून झाला. २० मार्च १९९३ रोजी, शनिवारी, इंग्लंडमधील वॉरिंग्टन शहराच्या बाजारपेठेत कचऱ्याच्या टोपल्यांत ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन होता, त्यामुळे रस्त्यावर गर्दी होती. तीन वर्षांचा जोनाथन बॉल जागीच मरण पावला आणि १२ वर्षांचा टिम पॅरी पाच दिवसांनी गेला. हे कृत्य प्रोव्हिजनल आय.आर.ए. ह्या सशस्त्र आयरिश संघटनेचे होते. त्या सुमारास डोलोरेस बँडबरोबर दौऱ्यावर होती. तिने हे गाणे एकटीने रचले.

त्या मार्च महिन्याची आठवण आम्हां मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळ्याने करून द्यावी लागत नाही. वॉरिंग्टनच्या आधी आठच दिवस, १२ मार्चला, मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणाला मुकली. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतील दंगलींची राख अजून निवली नव्हती. संध्याकाळी लोकलने घरी परतणाऱ्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या दिवसांत घरोघरी कळले. त्यामुळे पुढे ही कॅसेट आमच्या घरी आली तेव्हा इंग्रजी गाण्यांपासून चार हात दूर राहणारी आमच्या घरची वडीलधारी मंडळीही ह्या एका गाण्यापाशी थबकली. शब्द सगळे कळले नाहीत, पण हा आक्रोश कुणाच्या तरी लेकरासाठी आहे, एवढे त्यांनी ओळखले.

मात्र ह्या गाण्याचे खरे धैर्य आक्रोशात नाही, असे आम्हांला वाटते. शत्रूवर ओरडणे सोपे असते. येथे एक आयरिश, कॅथलिक घरातली तरुणी आपल्याच देशाच्या नावाने झालेल्या हत्येविषयी बोलते आहे. आय.आर.ए.चा आधार मुख्यतः कॅथलिक राष्ट्रवादी समाजात होता, हे ती जाणून होती. गाण्यात १९१६ सालच्या उठावाचा उल्लेख येतो. ज्या उठावाचा आयरिश माणसाला अभिमान, त्याच्याच वारशाचे नाव सांगून मुले मारली जात असतील, तर तो वारसा आमचा नव्हे, असे तिचे म्हणणे होते. गाणे तिखट होते आणि त्यावर टीकाही तिखट झाली. ही मुलगी दक्षिणेतली, हिला उत्तर आयर्लंडचे दुःख काय ठाऊक, तेथील मेलेल्या मुलांवर गाणे कुणी लिहिले, असे विचारले गेले. हा प्रश्न खोटा नाही. दुःखाची मोजदाद करू गेल्यास प्रत्येक पक्षाकडे स्वतःची वही असते. पण आपल्या वहीचे पान आधी उघडण्याचे काम कुणी तरी करावेच लागते, आणि ते घरच्याच माणसाने केलेले बरे.

आता माहेराकडे वळू. अल्बममध्ये 'झॉम्बी' चौथे आहे. पहिले गाणे 'ओड टू माय फॅमिली'. त्यात आईवडील आहेत, साधे बालपण आहे आणि प्रसिद्धीच्या धबडग्यात हरवलेल्या घराची ओढ आहे. सातवे गाणे 'द आयसिकल मेल्ट्स' हे १९९३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये मारल्या गेलेल्या दोन वर्षांच्या जेम्स बल्जरच्या दुःखातून आलेले. शेवटचे, तेरावे, अल्बमच्याच नावाचे. त्यात ऑर्गनच्या संथ सुरांवर एकटा स्वर आहे, ड्रमचा ठोकाही नाही. सुटे ऐकले तर 'झॉम्बी' हा नुसता संताप वाटतो. ह्या रांगेत ऐकले की उमगते, ज्याला घर प्रिय आहे त्याच्याच तोंडून असा संताप निघतो, आणि तो शेवटी शांतपणे खालच्या सुरात यावा लागतो.

गाणे प्रकाशित होण्याच्या काही दिवस आधी, ३१ ऑगस्ट १९९४ रोजी, आय.आर.ए.ने शस्त्रसंधी जाहीर केली होती. ती मध्ये मोडलीही; परंतु १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, शांतता करार झाला. टिमचे आईवडील कॉलिन आणि वेंडी पॅरी ह्यांनी दोन्ही मुलांच्या नावे शांततेसाठी संस्था उभारली. १५ जानेवारी २०१८ रोजी डोलोरेस लंडनमध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी वारली. तेव्हा कॉलिन पॅरी ह्यांनी सांगितले की हे गाणे वॉरिंग्टनच्या घटनेवर आहे, हे त्यांना आत्ताच कळले. जगभर वाजलेल्या गाण्याचा अर्थ त्या एका घरी पोहोचायला २३ वर्षांहून अधिक काळ लागला!

२०२३ च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंडच्या पाठीराख्यांनी पॅरिसच्या मैदानात हेच गाणे विजयगीतासारखे गायिले आणि तिकडे पुन्हा वाद झडला. सिंगलचे असेच होते. ते कुणाच्याही ओठी जाते. आज कॅसेट गेली, आणि मुलांच्या फोनवर बोट ठेवताच थेट चौथे गाणे लागते. मुलांना ते ऐकू द्यावे. पण एखाद्या निवांत संध्याकाळी आईवडिलांनी त्यांच्याजवळ बसून पहिल्यापासून तेराव्यापर्यंत सगळी गाणी क्रमाने लावावीत, आणि जोनाथन व टिम कोण होते, हे त्यांना नावाने सांगावे.